घरात फिरलेले ग्रह

माझा ज्योतिषावर विश्वास नाही. तरीही गेल्या वर्षी आषाढ-श्रावणात आमच्या घरात ग्रह फिरले, ही गोष्ट मी शपथेवर सांगायला तयार आहे. एक नव्हे, तीन ग्रह फिरले. ते लाकडाचे होते, प्रत्येकाला दाते होते, आणि ते चक्क आमच्या जेवणाच्या टेबलावर, शेंगदाण्याच्या चटणीच्या बरणीशेजारी फिरत होते. त्यांच्यामुळे आमच्या घरातले काय काय हलले, ते सांगण्यासाठी हा लेख.

पण त्याआधी आकाशकंदिलाविषयी सांगितले पाहिजे. आमचे वडील, म्हणजे नाना, दर दिवाळीला कंदील स्वतः करीत. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, घरी शिजवलेली खळ, असा सगळा जामानिमा. आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीच्या कठड्याला नाना एक उंच वेळू बांधीत, त्याच्या टोकाला कप्पी, कप्पीतून दोरी. आणि वसुबारसेच्या संध्याकाळी सगळे घर गॅलरीत गोळा झाले, की नाना दोरी ओढून कंदील वर चढवीत. दिवा मी लावला तरी चाले, फराळ कोणीही केला तरी चाले. पण दोरी नानांनीच ओढायची, हा आमच्या घरचा अलिखित कायदा.

गेल्या वर्षी फाल्गुनात नानांना पक्षाघाताचा झटका आला. जिवावरचे दुखणे टळले, वाचा शाबूत राहिली. पण उजवा हात मात्र रुसून बसला. व्यायाम शिकवायला एक बाई येत. नाना त्यांच्यापुढे निमूटपणे बोटे हलवीत आणि त्या गेल्या की हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसत. आषाढी एकादशीला नातीने विचारले, "आजोबा, यंदा कागद कुठल्या रंगाचा आणायचा?" नाना म्हणाले, "यंदा कंदील नको. बाजारातला आणून टांगा." एवढेच बोलले. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीला कोणी हात लावला नाही, असे आमच्या घरी प्रथमच घडले.

आमची कन्या यंत्रशास्त्राच्या पदविकेला आहे. दहावीला उत्तम गुण मिळवून ती जेव्हा म्हणाली, "मी तंत्रनिकेतनात जाणार," तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी धड बोललो नव्हतो. मराठीच्या प्राध्यापकाची मुलगी कानस घासत बसणार, हे माझ्या कल्पनेत बसेना. हे सांगायला आज लाज वाटते. पण पुढची गोष्ट कळायची तर हेही सांगितलेच पाहिजे. खिचडी तशीच टाकून ती उठली आणि नानांना म्हणाली, "आजोबा, कंदील तुम्हीच चढवायचा. हाताने नाही, एका बोटाने."

पावलापावलाने चालणारी मोटर

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. तिथून ती एक लहानशी चौकोनी मोटर घेऊन आली. हिला स्टेपर मोटर म्हणतात. पंख्याची मोटर वीज मिळाली की भरभरा फिरत सुटते. ही तशी नाही. ही एकेक पाऊल मोजून टाकते. एका फेरीत दोनशे पावले, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. संगणकाच्या छापयंत्रात कागद नेमका ओळीओळीने सरकतो, तो असल्याच मोटरीमुळे. दोरी किती गुंडाळायची, कुठे थांबायचे, हे तिला अचूक सांगता येते. म्हणून कन्येने तीच निवडली.

परंतु शिस्त आणि ताकद या गोष्टी एका ठायी क्वचितच नांदतात. त्या मोटरीचे बळ एवढेच, की आसापासून एक सेंटिमीटर अंतरावर टांगलेले सुमारे चार किलो वजन ती थोपवून धरील. आणि फिरताना तेवढेही नाही. आमचा कंदील दिवा-वायरसकट दीड किलोचा. दोरीचे रीळ तीन सेंटिमीटर त्रिज्येचे. दीड त्रिक साडेचार. हिशेब तिथेच चुकला. बटण दाबताच मोटर घुं घुं करून थरथरली आणि जागच्या जागी अडखळू लागली. अशा वेळी ही मोटर पावले चुकते. आणि मौज अशी, की आपण चुकलो हे तिला कळत नाही. ती आपली मनात पुढचे आकडे मोजतच राहते. असे विद्यार्थी मला वर्गात पुष्कळ भेटले आहेत.

"मग रीळच बारीक कर की," मी शहाणपण शिकवले. तिने तेही करून पाहिले होते. बोटाएवढ्या दांड्यावर तीन मीटर दोरी गुंडाळायची, तर पन्नासएक वेढे बसतात. ते एकमेकांवर चढतात, दांडा जाड होत जातो, आणि जो भार टाळायचा तोच शेवटी पुन्हा वाढतो. "बाबा, मोटर मोठी घ्यायची नाही," ती म्हणाली. "हिची घाई काढून घ्यायची आणि त्या बदल्यात हिला बळ द्यायचे."

मी चमकून तिच्याकडे पाहिले. वाक्य एखाद्या कीर्तनकाराला शोभणारे होते. पण ती यंत्राविषयीच बोलत होती.

सूर्य, ग्रह आणि पालखी

लहान चाकाने मोठे चाक फिरवले, की वेग घटतो आणि बळ त्याच प्रमाणात वाढते, हे शाळेत आपण सर्वांनी शिकलेले असते. मग एक लहान आणि एक मोठे अशी दोन चाके का नकोत? कारण तिथे सगळा भार एकावेळी एखाद-दुसऱ्या दात्यावर येतो. दाता पोलादाचा असला तर सोसतो, लाकडाचा मोडतो. यावरचा उपाय म्हणजे ग्रहमालिकेसारखी रचना. मधोमध एक लहान दातेरी चाक, तो सूर्य. त्याच्याभोवती तीन चाके, ते ग्रह. आणि त्या सर्वांना वेढून एक मोठे कडे, ज्याचे दाते आतल्या बाजूस असतात. कडे पक्के बसवलेले, सूर्य मोटरीच्या आसावर. सूर्य फिरला की ग्रह स्वतःभोवती फिरत फिरत कड्याच्या आतून सूर्याला प्रदक्षिणा घालू लागतात. तिन्ही ग्रहांचे आस एका तबकडीत अडकवलेले असतात. त्यामुळे ग्रह चालले की ती तबकडीही हळूहळू फिरते. रीळ जोडायचे ते तिला. इंग्रजी पुस्तकात तिला नुसते 'वाहक' या अर्थाचे नाव आहे. मी म्हटले, तीन ग्रह जिला खांदा देतात ती पालखीच नव्हे काय? तेव्हापासून आमच्या घरी ती पालखी झाली. या सबंध यंत्रात माझी भर एवढीच.

आता गणित. सूर्याला अठरा दाते, कड्याला चोपन्न. चोपन्न भागिले अठरा, तीन. तेव्हा सूर्याच्या तीन फेऱ्यांत पालखीची एक फेरी होईल, असे मी ताडकन सांगितले. उत्तर चार निघाले! मी कागदाच्या चकत्या कापून ताडून पाहिले, चारच. कन्येने समजावले ते असे. पालखीवर बसून पाहिले, तर कडे एकदा उलटे फिरून जाते आणि तेवढ्यात सूर्य तीनदा फिरतो. पण तुम्ही ज्या पालखीवर बसला आहात, तिनेही दरम्यान एक फेरी मारली; ती बाहेर उभ्या असलेल्याने मोजायला नको? तीन फेऱ्या दात्यांच्या आणि एक प्रदक्षिणेची, मिळून चार. म्हणजे वेग चौथाई आणि बळ हिशेबाने चौपट. घर्षणात त्यातले काही गळते. पण साडेचारच्या जागी दहा-बारा हाती राहिले तरी आमच्या कंदिलाला रग्गड. शिवाय भार तीन ग्रहांत वाटला जातो. एकट्या दात्यावर संकट येत नाही.

सूर्य आणि ग्रह ही नावे काही आमच्या घरची नव्हेत. वाफेच्या एंजिनाचा खालीवर होणारा दांडा चाकाला फिरवील कसा, हा प्रश्न जेम्स वॅटला पडला, तेव्हा त्याला साधा वाकडा दांडा वापरता येईना, कारण त्याचे पेटंट दुसऱ्याच्या हाती गेले होते. म्हणून त्याने १७८१ साली सूर्य-ग्रह चाकांची युक्ती पेटंट केली. ती सुचली त्याच्याकडे कामाला असलेल्या विल्यम मरडॉकला, असे मानतात. त्या जोडीत एकच ग्रह होता आणि बाहेरचे कडे नव्हते. कड्यासकट सारी मालिका आज कितीतरी ठिकाणी असते. तुमच्याकडे येणारा सुतार बॅटरीवरच्या ड्रिलने भोके पाडतो ना? त्याच्या मुठीत हीच ग्रहमाला फिरत असते. आपोआप गिअर बदलणाऱ्या बहुतेक मोटारींच्या पोटातही तीच.

लाकूड आणि बारामतीचा किरण

"पण लाकडाचे दाते?" सौभाग्यवतींनी शंका काढली. इथे मात्र मला वाचलेले सांगायला सापडले. कोकणातल्या वाड्यांना बैलांनी फिरवायच्या रहाटांतून पाणी मिळे, त्यांची दातेरी चाके लाकडाचीच. आणि समुद्रावर रेखांश ओळखता यावा म्हणून अचूक घड्याळ करणारा इंग्लंडचा जॉन हॅरिसन मुळात सुतार! त्याची पहिली घड्याळे ओकच्या लाकडाची होती. ब्रॉकल्सबी पार्क येथे सुमारे १७२२ साली त्याने केलेल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला तेल लागत नाही. कारण जिथे घासायचे तिथे त्याने अंगचेच तेल असलेले एक कठीण लाकूड बसवले. दाते मोडू नयेत म्हणून तो लाकडाचे वेगवेगळे तुकडे अशा रीतीने जोडी, की प्रत्येक दात्यात लाकडाचा रेषा मुळापासून टोकाकडे जावा. आडव्या रेषाचा दाता बिस्किटासारखा तुटतो. प्लायवूडमध्ये पातळ थर आडवे-उभे आळीपाळीने चिकटवलेले असतात, त्यामुळे त्याला ही अडचण पुष्कळशी नाही. म्हणून प्लाय.

ते कापायचे लेसरने. लग्नपत्रिका, दारावरच्या पाट्या आणि गणपतीची मखरे कापून देणारे एक दुकान आमच्या घरापासून जवळच आहे. मीही बरोबर गेलो. काचेच्या झाकणाखाली यंत्राचे डोके सरकत होते. किरण दिसत नाही. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा असतो. दिसते ती फक्त लाकडावर धावणारी एक ठिणगी, आणि तिच्यामागे उमटत जाणारी काळी रेघ. वास होमाचा. घरी येऊन मी या किरणाची चौकशी केली, तेव्हा थक्क झालो. लाकूड कापणारा हा कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर १९६४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला तो कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म बारामतीचा, १९३८ चा, आणि अभियांत्रिकीचे शिक्षण आमच्या पुण्याच्या कॉलेजात! ज्या गावच्या गल्लीत तो किरण आज मखरे कापतो, त्याच गावात त्याचा जनक शिकला. आणि मी मात्र माझ्या मुलीने पुण्यात यंत्रे शिकू नयेत म्हणून आठ दिवस रुसलो होतो.

तिसरा ग्रह बसेना

पहिल्या खेपेला कन्येने ग्रहांना सतरा दाते दिले. नेहमीच्या घडणीत सतराहून कमी दाते असले, की त्यांची मुळे कोरली जाऊन नाजूक होतात, असे ती शिकली होती. सूर्य अठरा, ग्रह सतरा, कडे बावन्न. कारण कड्याच्या व्यासात एक सूर्य आणि त्याच्या दोन बाजूंना दोन ग्रह मावायचे, तेव्हा अठरा अधिक दोनदा सतरा, बावन्न. हिशेब बिनचूक. दोन ग्रह छान बसले. तिसरा काही केल्या बसेना! त्याचे दाते सूर्याशी जुळवावेत, तर कड्याशी दाताला दात भिडे. रात्री अकरा वाजता ती रडकुंडीला आली.

तेव्हा नाना, जे आठवडाभर या उद्योगाकडे पाहतही नव्हते, पलंगावरून म्हणाले, "अगं, पंगतीत तिघे बसवायचे, तर जागा तिघांना सारखी वाटली जाते का ते आधी बघावे." ती एकदम उठून बसली. वहीत आकडे मांडू लागली. सूर्याचे आणि कड्याचे दाते मिळून जी बेरीज होते, तिला ग्रहांच्या संख्येने पूर्ण भाग गेला पाहिजे. तरच ग्रह सारख्या अंतरावर बसतात. अठरा आणि बावन्न, सत्तर. सत्तरला तीनाने भाग जात नाही. ग्रहांना अठरा दाते दिले, की कडे चोपन्नाचे; अठरा आणि चोपन्न, बहात्तर. तीन चोवीस बहात्तर. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात.

यावेळी तिन्ही ग्रह बसले, पण खुळखुळू लागले. किरण रेघेवरून जातो तेव्हा सुमारे ०.२ मिलिमीटर लाकूड जाळून टाकतो. म्हणजे चाक थोडे बारीक होते आणि कड्याचे पोट थोडे मोठे, दोन्हीकडून सैल. मग आकृतीतच प्रत्येक रेघ निम्म्याने, ०.१ मिलिमीटरने, लाकडाच्या बाहेर सरकवावी लागते. शिकाऊ माणसाच्या उत्साहाने तिने ती जरा जास्तच सरकवली, आणि तिसरा संच इतका घट्ट झाला की फिरेचना. त्यात श्रावणातली हवा. लाकूड पाणी पिऊन फुगते. चौथ्या संचाला तिने आधी तुकड्यांवर लाखेच्या रोगणाचे दोन हात दिले आणि दात्यांत कागदाच्या जाडीइतकी फट ठेवली. तो फिरला.

"थोडी फट लागतेच, बाबा," ती म्हणाली. "नाहीतर सगळे अडकते." मी मान डोलावली. आठ दिवसांच्या त्या रुसव्यात मी तेवढी फट ठेवली नव्हती, हे तिने बोलून दाखवले नाही. तिचा चांगुलपणा.

खटका

गणपती उठल्यावर घरातच परीक्षा घेतली. कंदिलाऐवजी दीड किलो गव्हाच्या पिठाची पिशवी दोरीला बांधली. बटण दाबले. मोटर गुणगुणू लागली, सूर्य फिरला, ग्रह निघाले, पालखी हलली आणि पिशवी संथपणे, जराही न अडखळता, छताकडे चालली. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली.

या मोटरीला वीज आहे तोवरच ती भार धरते. वीज गेली की तिचे हात गळतात. ग्रहमाला उलटी फिरू लागली, खडखडाट झाला, पिशवी धाडकन फरशीवर आली आणि सगळे घर पिठाने पांढरे झाले. कन्या त्या पिठात मटकन बसली. मी काही बोलणार, तोच नाना हसले. फाल्गुनापासून ऐकलेले ते पहिले हसू.

"भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देताना कट् कट् कशाचे होते गं?" त्यांनी विचारले. "आतली स्प्रिंग आवळत जाते, पण किल्ली सोडली तर उलटी का उलगडत नाही? एक तिरक्या दात्यांचे चाक असते. त्यावर खटका बसलेला असतो. पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. तुझ्या रिळाला तो लाव."

चाळीस वर्षे दर रविवारी नाना त्या घड्याळाला किल्ली देत आले होते. झटक्यानंतर ते काम मी अंगावर घेतले होते. त्यांना विचारलेही नव्हते. त्या रविवारी मी किल्ली त्यांच्या डाव्या हातात दिली.

रिळाला खटका बसला. कंदील उतरवताना मोटरीने दोरी तिळभर वर ओढायची, दुसऱ्या दोरीने खटका उचलायचा आणि मग खाली सोडायचे, अशी सोय झाली. कामट्या मी तासल्या, नानांच्या देखरेखीखाली, आणि "असा तासतात होय?" हे वाक्य निदान तीस वेळा ऐकले. कागद केशरी.

वसुबारसेला सगळे गॅलरीत जमलो. नानांच्या डाव्या हातात बटण दिले. ते दाबून धरायचे. सोडले की मोटर थांबते, अशी योजना कन्येने मुद्दाम केली होती. पूर्वी नाना दहा हिसक्यांत कंदील वर नेत. या वेळी तीन मीटर चढायला एक मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागला. कट्, कट्, कट्. कोणी बोलत नव्हते. समोरच्या इमारतीतली मुले मान वर करून उभी होती. कंदील टोकाला पोचला, नानांनी अंगठा उचलला, आणि कंदील जिथल्या तिथे राहिला. "हळू जातो," नाना म्हणाले, "पण घसरत नाही." मग थोड्या वेळाने, "आता फराळाचे काही मिळेल का?"

तुळशीचे लग्न झाल्यावर यंत्र उतरवले. दात्यांच्या बगलांत काळसर भुकटी साठली होती आणि एका ग्रहाचे भोक झिजून लांबट झाले होते. लाकूड ते लाकूडच. कन्येने नवा ग्रह कापून आणला; यंदाच्या वसुबारसेला तो जागेवर असेल. जुना टाकून देणार, तोच नानांनी मागून घेतला. व्यायामाच्या बाईंनी सांगितलेले रबरी चेंडू कोपऱ्यात पडले आहेत. नाना संध्याकाळी खिडकीशी बसतात, तो झिजलेला ग्रह उजव्या हाताच्या बोटांत धरतात आणि अंगठ्याने एकेक दाता पुढे सरकवतात. पौषात दोन दाते सरकत. चैत्रात सात झाले. कोणी मोजतो आहे असे वाटू नये, म्हणून मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो.

परवा त्यांनी अठरावा दाता ओलांडला. एक पूर्ण फेरी! मी पेपराआडून पाहिले. नानांनी ग्रह क्षणभर तळहातावर ठेवला, आणि पुन्हा पहिल्या दात्यापासून सुरुवात केली.